दोघांत एक जीभ

मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही, असं आता सगळे म्हणतात. यातला ‘आता’ महत्त्वाचा. गेल्या वर्षापर्यंत मी शेवटच्या बाकावर खिडकीच्या कडेला अशी बसायचे, की पडदा समजून कुणीही मला बाजूला सारलं असतं. हजेरीला ‘हजर’ म्हटलं तरी बाई मान वर करून विचारायच्या, "ती आलीय का आज?" आणि यंदा वादविवाद स्पर्धेत मी अख्ख्या शाळेसमोर असं काही बोलले, की दाराजवळ स्टुलावर पेंगणारे शिपाईकाका दचकून उठले आणि उठलोच आहोत तर म्हणून टाळ्या वाजवायला लागले.

म्हणून ही गोष्ट मीच सांगणार. बाबा सांगणार नाही.

बाबा आचारी आहे. ‘आहे’ की ‘होता’, यावर आमच्या घरात अजून मतदान झालेलं नाही, तेव्हा मी ‘आहे’च म्हणणार. छापखान्यासमोर एक खाणावळ आहे, लांबलचक टेबलांची. संध्याकाळी छापखान्यातली माणसं तिथं जेवायला येतात. कितीही घासून धुतली तरी त्यांची बोटं काळी ती काळीच. बाबाचं हाडांचं सूप तिथं सकाळपासून मंद आचेवर असायचं, आणि त्याच्या वासावर माणसं रस्ता ओलांडायची. त्या खाणावळीत एकाही टेबलावर मिठाची डबी नव्हती. कुणी नवखा माणूस मीठ मागायचा, तेव्हा जुनी माणसं त्याच्याकडे असं बघायची, जसं काही त्यानं मालकीणबाईंचं वय विचारलंय.

"टेबलावर मिठाची डबी ठेवायची," बाबा म्हणायचा, "म्हणजे आचाऱ्याच्या थोबाडीत मारायची आणि वर त्याच्याच हातचं जेवायचं."

घरी मात्र आई रांधायची आणि बाबा नावं ठेवायचा. जिन्यातूनच ओरडायचा, "कांदा कच्चा राहिलाय गं!" आई शिवणकाम करून दमून आलेली असायची. ती म्हणायची, "मी नवरा केला होता. परीक्षक कुणी पाठवला?"

असं ते नाक होतं. आणि ते गेलं.

थंडीच्या दिवसांत त्याला ताप आला, आठवडाभर अंथरुणात होता, मग बरा होऊन कामावर गेला. माझी शाळा दुपारी सुटते आणि घरी कुणी नसतं, म्हणून मी खाणावळीच्या स्वयंपाकघरात पिठाच्या पोत्यावर बसून अभ्यास करते. एका दुपारी मी आत शिरले तर शेगडीवर दूध उतू जाऊन जळत होतं. घसा धरावा इतका वास. आणि बाबा त्याच्याकडे पाठ करून, हातभर अंतरावर उभा राहून गाजर चिरत होता. शीळ घालत.

मी धावत जाऊन शेगडी बंद केली. तो वळला. त्यानं आधी दुधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शीळ थांबली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून," तो म्हणाला. "वासही नाही, चवही नाही. काहीही तोंडात घाल, ओला पुठ्ठा. डॉक्टर म्हणतात, येईल. येईल कदाचित." मग पोत्यावर माझ्या शेजारी बसला. एवढा मोठा बाबा, पोतं एका बाजूला कललं. "आईला सांगू नकोस. मालकीणबाईंना तर मुळीच नाही. नाक नसलेला आचारी म्हणजे..." त्याला पुढचं सुचेना. मला सुचत होतं, पण मी तेव्हा पडदा होते, बोलत नव्हते.

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. बाबा त्याला ‘दोघांत एक जीभ’ म्हणायचा आणि मला ‘जिभले’. स्वयंपाकघरात जेवण वाढणाऱ्या मावशींची सारखी ये-जा असायची, मालकीणबाई केव्हाही डोकावायच्या, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. मग आम्ही चमच्याची भाषा काढली. मी सूप चाखायचं. पातेल्याच्या काठावर चमचा एकदा वाजवला तर मीठ घाल. दोनदा वाजवला तर जास्त झालं, पाणी वाढव. चमचा ओट्यावर उपडा ठेवला तर उत्तम. आणि चमचा हातातून खाली पाडला तर काहीतरी बिघडलंय, हे वाढू नकोस.

पाडायची वेळ तेव्हा कधी आलीच नाही. बाबाच्या हातांना सगळं पाठ होतं, मी फक्त कडेकडेचं सांगायचे. पण त्या कडेनंच तर बाबाचं सूप बाबाचं व्हायचं. छापखान्यातली माणसं वाडगा तोंडाला लावून तळ दिसेपर्यंत प्यायची. आम्ही दोघं दाराच्या फटीतून बघायचो आणि बाबा माझ्या डोक्यावर टपली मारायचा. आयुष्यात मला कुणी इतकं महत्त्वाचं समजलं नव्हतं.

आणि मग वादविवाद स्पर्धा आली.

मी नाव दिलंच नव्हतं. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नाव निघालं. विषय होता, माणसानं मांस खाणं सोडावं की नाही. आणि बाजू आली ‘सोडावं’! मी, आचाऱ्याची मुलगी, दात येण्याआधीपासून हाडांच्या सुपावर वाढलेली. मैत्रीण म्हणाली, "माशाला पोहण्याविरुद्ध बोलायला लावलंय." हसून हसून आमची पोटं दुखली.

पण बोलायचं तर काहीतरी मुद्दे हवेत, म्हणून एका सकाळी शाळेआधी मी खाणावळीच्या मागच्या दाराशी गेले. तिथं कोंबड्यांच्या पिंजऱ्यांची गाडी येते. ती मी लहानपणापासून बघतेय. बघतेय म्हणजे, रस्त्यातला दिव्याचा खांब बघतो तशी. त्या दिवशी पहिल्यांदा जवळ जाऊन नीट पाहिलं. एका कोंबडीनं गजातून मान बाहेर काढली आणि माझ्या गणवेशाचं बटण टोचायला लागली. पांढरं, चकचकीत बटण. तिला तो दाणा वाटला. तिनं टोचलं, ओढलं, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टोचलं. किती मन लावून! मी हलले नाही. सुटेल बटण तर सुटू दे म्हटलं. तेवढ्यात गाडीवाल्यानं पिंजरा उचलला आणि आत नेला. बटण दोऱ्यावर लोंबत राहिलं.

मुद्दे मिळाले. म्हणजे मुद्दे राहिलेच नाहीत, ते बटणच राहिलं.

स्पर्धेच्या दिवशी मी पाठ केलेलं अर्धं विसरले आणि त्या अर्ध्याच्या जागी जे आलं ते कुठून आलं मला माहीत नाही. माझा आवाज! तो भिंतीवर आपटून परत माझ्याकडे येत होता आणि मला वाटत होतं, ही कोण बाई बोलतेय, छान बोलतेय. शेवटचं वाक्य तर कागदावर नव्हतंच. "दुसऱ्याला सोडा म्हणण्याआधी मी सोडते," मी म्हणाले. "आजपासून. एक घाससुद्धा नाही." आणि टाळ्या, आणि शिपाईकाका.

पहिला नंबर घेऊन घरी आले. आईला सगळं सांगितलं. आई पातेलं खाली ठेवत म्हणाली, "उद्यापासून कर ना. आज मटण केलंय."

"आई, मी स्टेजवर सांगितलंय!"

"स्टेजवर काय जातंय सांगायला? मग खाणार काय, भाषण?"

बाबा खुर्चीवर बसून बूट काढत होता. तो फक्त "बरं" म्हणाला. एवढंच. मग मांसाचं पातेलं माझ्यासमोरून उचलून टेबलाच्या टोकाला ठेवलं.

शाकाहार सुरू करणं भाषणाइतकं सोपं नसतं, हे मी इथं नमूद करते. पहिले काही दिवस मी पाव आणि बटाट्यांवर काढले आणि खेळाच्या तासाला मला चक्कर आली. मग आईनं राजमा भिजत घातला. मी तो उत्साहानं इतका खाल्ला, की वर्गात शेवटच्या बाकावर परत जावं लागलं, वेगळ्या कारणानं. आई कुरकुर करत शेंगदाणे आणायची, डाळी आणायची, शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे एक शेळी पाळलीय." पण रोज माझ्यासाठी वेगळं भांडं चढवायची. आणि मी खूश होते, खरंच. बोलावं आणि तसं वागावं, यात केवढी मजा असते! मला वाटायचं मी दोन इंच उंच झालेय.

अडचण एकच होती. तो चमचा.

स्पर्धेनंतर पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले तेव्हा बाबानं सवयीनं चमचा सुपात बुडवला, खाली हात धरला, माझ्यासमोर आणला, आणि मधेच थांबला. सूप त्याच्या तळहातावर ठिबकत राहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मी करतो अंदाजानं."

"अंदाजानं कसं करशील?" मी कुजबुजले. मग मी वकिलासारखा विचार केला. "मी म्हणाले होते, एक घास नाही. हा घास कुठंय? हा थेंब आहे. जिभेवर ठेवीन, थुंकीन. गिळलं नाही म्हणजे खाल्लं नाही."

"नक्की?"

"नियमात बसतं."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी इतका हसला. आणि आमचं पुन्हा सुरू झालं, फक्त आता चाखून झालं की मी मोरीकडे पळायचे आणि मावशी म्हणायच्या, "या पोरीला सारखा खोकला कसला?"

पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. जीभ बदलते.

आधी कळलंही नाही. मग काही आठवड्यांनी एकदा मी चमचा तोंडात घेतला आणि मला ओल्या घोंगडीचा वास आला. मीठही फार वाटलं. दोनदा वाजवला, बाबानं पाणी वाढवलं. दुसऱ्या दिवशी तेच. मग एक दिवस तर वास अतिच आला. मला वाटलं, नासलंय, नक्की नासलंय. आणि मी चमचा पाडला.

बाबानं एक शब्द विचारला नाही. दोन्ही हातांनी ते भलंमोठं पातेलं उचललं आणि सगळं सूप मोरीत ओतलं. दिवसभराचं काम. वाफेत त्याचं तोंड दिसेना. त्या संध्याकाळी छापखान्यातली माणसं भात आणि भाजी जेवून गेली आणि जाताना एकमेकांशी हळू बोलत होती.

मालकीणबाई आत आल्या. "सूप कुठंय आचारी?"

"बिघडलं होतं. टाकलं."

"बिघडलं होतं?" मागून मावशी म्हणाल्या. "अहो, मी दुपारी वाडगाभर प्यायले. पाहिजे तर अजून आहे माझ्या डब्यात, घरी न्यायला काढून ठेवलेलं."

मालकीणबाईंनी डबा उघडला, बोट बुडवलं, चाखलं. मग बाबाकडे पाहिलं. "आचारी, अमृत आहे हे. अमृत मोरीत ओतायचं?" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी जाताना बाबानं माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "जिभले, आता तुला मांसाचा वासच सहन होत नाही. हो ना?"

"हो," मी म्हणाले.

"म्हणजे सुपाचा काही दोष नव्हता."

"नव्हता."

"मग आता असं करू," तो म्हणाला. "तू जे सांगशील, त्यातून थोडं वजा करायचं. तू म्हणालीस खारट, म्हणजे बरोबर. तू म्हणालीस वास येतोय, म्हणजे ठीक आहे. गणित जमेल आपल्याला." आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू आलं, पण मी ते खोकल्यात घातलं. खोकल्याची सवय झालीच होती.

जमलंही काही दिवस. मी तोंड वाकडं करायचे, तो समजुतीनं मान हलवायचा आणि सूप बाहेर जायचं.

मग तो दिवस आला. छापखान्यात मोठं काम होतं, माणसं जास्त होती, एकही खुर्ची रिकामी नव्हती. सुपात घालायचं हाडांचं पाणी आदल्या दिवशी करून ठेवलेलं असतं. ते पूर्ण निवल्याशिवाय झाकायचं नसतं, हा बाबाचाच नियम. या खेपेला कुणीतरी गरम असतानाच घट्ट झाकण लावलं होतं. कुणी ते शेवटपर्यंत कळलं नाही. पूर्वीचा बाबा असता तर त्याला सकाळी दारातच कळलं असतं. रस्त्यातच कळलं असतं.

मी चमचा तोंडात घेतला आणि मला नेहमीचा वास आला, ओल्या घोंगडीचा. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. आंबट. बुळबुळीत. जिभेला चिकटून राहणारं.

मी चमचा पाडला.

बाबा वाकला. चमचा उचलला, नळाखाली धुतला, पुसला, माझ्या हातात परत दिला आणि हळूच म्हणाला, "हात कोरडे कर. घसरतोय."

मी पुन्हा पाडला. ठणकन आवाज झाला. मावशींनी वळून पाहिलं. "पोरीच्या हातात जीव नाही बाई."

"बाबा," मी त्याच्या बाहीला धरून कुजबुजले, "आज खरंच."

"कालही खरंच होतं, बाळा. परवाही."

"आज वेगळं आहे. आंबट आहे."

"टोमॅटो आहेत त्यात," तो म्हणाला. मायेनं म्हणाला, हेच मला विसरता येत नाही. मावशी मोठा ट्रे घेऊन आल्या आणि बाबा एकामागून एक वाडगे भरायला लागला. माझा आवाज सभागृहाच्या भिंतीवर आपटून परत येतो. मला तो स्वयंपाकघरात काढता येईना. मी ओरडले असते, ‘वाढू नका’, तर मावशींनी विचारलं असतं, तुला काय कळतं? आणि त्याचं उत्तर बाबाच्या नोकरीएवढं होतं. मी तोंड उघडं ठेवून उभी राहिले आणि वाडगे माझ्यासमोरून बाहेर गेले.

मग बाहेरचा गलका कमी होत गेला. जेवणाऱ्यांची खोली गप्प होते तेव्हा कसं वाटतं ते कळायला आचाऱ्याच्याच घरी जन्मावं लागतं. चमचे खाली ठेवल्याचे आवाज. एक खुर्ची सरकली. कुणीतरी अंगणाकडे धावत गेलं.

छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवणारे आजोबा वाडगा घेऊन आत आले. बाबाच्या सुपासाठी ते कितीतरी वर्षं येतात, घरी सून चांगलं रांधते तरी. त्यांनी वाडगा ओट्यावर ठेवला. "आचारी," ते म्हणाले, "तब्येत बरी नाही का तुमची?" रागावले असते तरी चाललं असतं, पण त्यांना काळजी वाटत होती.

त्यांच्या मागोमाग मालकीणबाई आल्या. त्यांनी वाडगा उचलून बाबाच्या नाकाखाली धरला. "सांगा. काय झालंय याला?"

बाबानं श्वास आत घेतला. छाती भरून घेतला. आणि मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

सगळ्यांनी ते पाहिलं. मावशींनी, आजोबांनी, मालकीणबाईंनी. परीक्षेत पुढच्या बाकावरच्या मुलाकडे बघतात तसं माझा बाबा माझ्याकडे बघत होता. माझ्या हातात अजून तोच चमचा होता. मी काय करणार होते? मी तो पाडला.

"नासलंय," बाबा म्हणाला.

चमचा फरशीवर गोल फिरत होता. मालकीणबाई त्याच्याकडे बघत होत्या, तो थांबेपर्यंत. त्या हुशार आहेत. त्यांनी मला म्हटलं, "बाळ, जरा अंगणात जा." मी गेले, पण दार लागत नाही ते नीट, कधीच लागत नाही.

"डोळे मिटा, आचारी." फडताळ उघडल्याचा आवाज. एक डबा उघडल्याचा आवाज. "हे काय आहे?"

एक लांब श्वास ओढल्याचा आवाज. मग बाबाचा आवाज आला, अगदी ठाम, कारण फडताळात पुढे नेहमी तेच असायचं. "लसूण."

अंगणात माझ्यापर्यंत कॉफीचा वास आला होता.

मालकीणबाईंनी त्याला काढलं नाही. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. बाबा आता तिथंच भाज्या चिरतो. सुरी अजून तशीच चालते त्याची, बघत राहावं अशी. सूप मावशी करतात. आणि आता प्रत्येक टेबलावर मिठाची एक डबी आहे.

घरी आईला सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबानं सांगितलं, मी शेजारी बसले होते. आई शिवणाच्या यंत्रावर होती, तिनं पाय थांबवला. मला वाटलं ती नोकरीचं विचारेल, डॉक्टरचं विचारेल. ती म्हणाली, "थंडीपासून?"

"हो."

"थंडीपासून तुम्ही रोज म्हणताय, मस्त झालंय." तिनं हातातलं कापड उलटं केलं, सुलटं केलं. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नावं ठेवायचं बंद केलंत. मला वाटलं, आता आला माझ्या हाताला गुण. मी शेजारणीला सांगितलं. यंत्रावर बसल्या बसल्या मी ठरवायचे, आज काय करू, आज काय म्हणतील." ती हसली आणि मग हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "एकदा तरी म्हणायचं ना, कांदा कच्चा राहिलाय. अंदाजानं."

बाबा तिच्या पायाशी जमिनीवर बसला होता, मान खाली घालून. आईनं त्याच्या केसातला दोऱ्याचा तुकडा काढला. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

माझं ठरलं होतं. आईनं तिच्यासाठी आणि बाबासाठी शिजवलेल्या कोंबडीचं पातेलं होतं. मी एक तुकडा हातात घेतला. जीभ मांस सोडल्यानं बदलली, तर खाल्ल्यानं परत येईल. सोपं आहे. महिनाभर खाईन, मग मालकीणबाईंसमोर जाऊन सांगेन, याच्याकडे माझी जीभ आहे, दोघं मिळून एक आचारी आहोत आम्ही. बोलता येतं मला आता. भाषण तयार होतं. मी डोळे मिटले आणि तोंड उघडलं, आणि त्या बटणाची ओढ मला छातीवर जाणवली. दोरा ताणल्यासारखी.

तरी मी खाल्लं असतं. मनगट कुणीतरी धरलं.

"ठेव खाली," बाबा म्हणाला.

"तुझ्यासाठी खातेय!"

"ठेव."

"शब्दच होता नुसता. टाळ्यांच्या नादात बोलले मी. कुणाच्या लक्षातसुद्धा नसेल."

"माझ्या आहे." त्यानं माझ्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला. "मी होतो तिथं. शिपायाच्या स्टुलामागं, दारात. खाणावळीतून पळून आलो होतो, एप्रन तसाच. म्हणून आत नाही आलो." त्यानं तुकडा परत पातेल्यात टाकला. "तुझा आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीतच नव्हतं गं. मी तुला थंडीपासून चमचा वाजवायला लावला होता."

मी त्याच्या पोटाला मिठी मारली आणि रडले. खोकला वगैरे नाही, सरळ रडले, शेजारणीला ऐकू जाईल असं. पूर्वी त्याच्या शर्टाला सुपाचा वास यायचा. आता नुसता कोबीचा.

त्यानंतरच्या सुटीच्या दिवशी बाबानं घरी स्वयंपाक केला. "मांस सोडलंस तर निदान नीट खा," तो म्हणाला. "पाव-बटाट्यावर भाषणं होत नाहीत." सकाळपासून लागला होता. घेवड्याचे दाणे रात्री भिजत घातलेले, त्यात बटाटे, टोमॅटो, पालेभाजीची एक जुडी शेवटी. मी दारात उभी राहून बघत होते. त्यानं हात मिठाच्या बरणीत घातला, चिमूट वर धरली, जरा थांबला. माझ्याकडे वळेल असं मला वाटलं. वळला नाही. बोटं सोडली.

आम्ही तिघं बसलो. त्यानं आधी मला वाढलं. मी चमचा तोंडात घातला.

आणि ऐका, ते उत्तम झालं होतं. मी शपथेवर सांगते. मीठ तर इतकं नेमकं, की कण इकडे नाही, तिकडे नाही. बाबाच्या हातांना अजून सगळं पाठ होतं. मी माझ्या आयुष्यात इतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं. मला उठून नाचावंसं वाटलं.

"मस्त झालंय!" मी ओरडले. "बाबा! मस्त झालंय!"

तो शब्द टेबलावर पडला आणि तिथंच राहिला. आईनं मान खाली घातली. बाबा माझ्याकडे बघून हसला, मायेनं, अगदी त्या दिवशी ‘टोमॅटो आहेत त्यात’ म्हणाला होता तसा.

"हो जिभले," तो म्हणाला.

"खरंच! खोटं नाही बोलत मी! आई, तू सांग ना!"

"छान आहे," आई म्हणाली. पण तिच्याही तोंडून ते तसंच आलं. आमच्या घरात हे शब्द आता कुणाचे कुणाला पटत नाहीत.

मी चमचा उपडा ठेवला. उत्तम, आमच्या भाषेत. बाबानं तो पाहिला, हळूच उचलला, सुलटा करून माझ्या ताटलीत ठेवला. मग उठला, ओट्यावरून मिठाची डबी आणली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. स्वतःच्या हातानं. आमच्या घरात, आमच्या टेबलावर. आणि माझ्याकडे सरकवली.

"घे," तो म्हणाला. "मला वाईट नाही वाटणार. घे, लाजू नकोस."

तो वाट बघत होता. त्याच्या डोळ्यांत एवढीच इच्छा होती, की निदान एका माणसानं तरी त्याला फसवू नये.

मी डबी उघडली. चिमूटभर मीठ घेतलं आणि त्या नेमक्या, एक कण इकडे नाही की तिकडे नाही अशा कालवणावर घातलं. ढवळलं.

बाबाचे खांदे सैल झाले. "वाटलंच मला," तो म्हणाला. "जरा कमीच होतं ना?"

"जरा," मी म्हणाले आणि सगळं संपवलं.